क्रॉल स्पेसमध्ये जेमतेम चौदा इंच जागा: नव्या बाथरूमच्या नळांचा ढाळ आणि व्हेंट कसा बसवावा?

अंगणातली_शेवंती (रॅले, उत्तर कॅरोलिना):

नमस्कार. आमचे घर १९७२ साली बांधलेले, एकमजली आहे आणि संपूर्ण घराखाली क्रॉल स्पेस, म्हणजे फरशी आणि जमीन यांच्यामधली ठेंगणी पोकळी, आहे. माझे आईवडील दरवर्षी सहा महिने आमच्याकडे राहायला येतात. वडिलांच्या गुडघ्यांमुळे रात्री बोळ ओलांडून बाथरूमला जाणे त्यांना जड जाते, म्हणून त्यांच्या खोलीला लागून, उत्तरेच्या कोपऱ्यात, पाच बाय आठ फुटांचे छोटे बाथरूम काढायचे आम्ही ठरवले आहे. त्यात कमोड, वॉशबेसिन आणि शॉवर एवढेच असेल, टब नाही. राहत्या घरासाठी मालकाला स्वतः परवाना काढता येतो, त्यामुळे आराखडा आधी स्वतः नीट समजून घ्यावा आणि मगच प्लंबरशी बोलावे, असा माझा विचार आहे.

मागच्या शनिवारी मी स्वतः खाली उतरून मोजमापे घेतली. दाराजवळ जॉइस्टच्या (फरशीला आधार देणाऱ्या लाकडी तुळयांच्या) खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत बावीस इंच मिळतात, पण जमीन उत्तरेकडे चढत जाते आणि नव्या बाथरूमच्या खाली फक्त चौदा इंच उरतात. तिथे मला पोटावर सरपटतही पुरते जाता आले नाही. टेप पुढे सरकवून आणि मोबाइलने फोटो काढून मापे घ्यावी लागली. जॉइस्ट २x१० चे, म्हणजे प्रत्यक्षात सव्वानऊ इंच उंचीचे, आहेत आणि ते उत्तर-दक्षिण जातात. घराच्या मधोमध पूर्व-पश्चिम असा तीन फळ्यांचा गर्डर, म्हणजे जॉइस्टना पेलणारी मोठी तुळई, आहे. जॉइस्ट त्याच्या डोक्यावर टेकलेले असल्यामुळे तो त्यांच्या खाली सव्वानऊ इंच उतरलेला आहे. जुन्या बाथरूमांचा चार इंची कास्ट आयर्नचा मुख्य नळ गर्डरच्या पलीकडे, म्हणजे दक्षिणेला आहे, आणि मला जिथे जोड द्यायचा आहे तिथे त्याचा मध्य जॉइस्टच्या खाली बारा इंचांवर येतो. नव्या कमोडपासून त्या जागेपर्यंत चोवीस फूट आहेत आणि वाटेत चौदा फुटांवर गर्डर आडवा येतो.

माझी कच्ची योजना अशी होती की कमोडपासून तीन इंची पीव्हीसी नळ सरळ मुख्य नळाकडे न्यायचा आणि गर्डरला भोक पाडून तो पार करायचा. कमोडचा व्हेंट, म्हणजे सांडपाण्याच्या नळाला हवा पुरवणारा नळ, फरशीच्या खालून आडवा भिंतीपर्यंत न्यायचा आणि तिथून वर चढवायचा. हे जमणार नसेल तर मॅसरेटर पंप (मैला दळून पुढे ढकलणारा विजेचा पंप) बसवण्याचाही विचार आहे. या योजनेत कुठे चूक होते आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ढाळ_आणि_वळण (अटलांटा):

मोजमापे इतक्या नीट दिल्याबद्दल आधी आभार. असे प्रश्न बहुतेक वेळा बाथरूमच्या फरशीच्या चित्राने सुरू होतात आणि नळ कुठे संपणार याचा पत्ता शेवटपर्यंत नसतो. हिशेब मात्र उलट दिशेने करावा लागतो. मैला शेवटी ज्या नळात पडणार, त्याची उंची आधी पाहायची आणि तिथून मागे येत ढाळ मोजत कमोडपर्यंत पोहोचायचे.

तुमचेच आकडे घेऊ. तीन इंची पीव्हीसीचा बाहेरचा व्यास साडेतीन इंच असतो. जॉइस्टच्या खाली अर्धा इंच फट सोडून नळ टांगला तर सुरुवातीला त्याचा मध्य जॉइस्टच्या खाली सव्वादोन इंचांवर येईल. दर फुटाला पाव इंच ढाळ दिला तर चौदा फुटांवर तो साडेतीन इंच उतरून पावणेसहा इंचांवर पोहोचेल. गर्डर सव्वानऊ इंचांपर्यंत खाली आलेला आहे, म्हणजे नळ बरोबर त्याच्या पोटात घुसतो. भोक पाडणे हा मार्ग नाही. साध्या लाकडी जॉइस्टला एक तृतीयांश उंचीपेक्षा मोठे भोक चालत नाही आणि भोकाची कड वरच्या-खालच्या कडांपासून दोन इंच लांब असावी लागते. सव्वानऊ इंचांची एक तृतीयांश उंची म्हणजे तीन इंचांहून किंचित जास्त, आणि तुमचा नळ साडेतीन इंचांचा. त्यात गर्डर निम्म्या घराचा भार वाहतो, तेव्हा इंजिनिअरच्या लेखी संमतीशिवाय त्याला करवत लावू नये.

आता नळ गर्डरच्या खालून नेऊन पाहू. त्यासाठी मध्य किमान साडेअकरा इंचांवर हवा. पुढचे दहा फूट पाव इंचाच्या ढाळाने गेले तर तो चौदा इंचांवर जाईल आणि मुख्य नळाचा मध्य बारावर आहे, म्हणजे तुम्ही दोन इंच खाली पडता. तीन इंची नळाला दर फुटाला अष्टमांश इंच ढाळही आयपीसीनुसार (इंटरनॅशनल प्लंबिंग कोड या नियमावलीनुसार) चालतो आणि उत्तर कॅरोलिनाचा प्लंबिंग कोड त्यावरच आधारलेला आहे. पण त्या ढाळानेही हिशेब पावणेतेरा इंचांवर येतो, म्हणजे पाऊण इंच कमीच. नवा नळ मुख्य नळाला वरच्या अंगाने मिळायला हवा. त्यामुळे या दिशेने ढाळ कुठल्याच रीतीने बसत नाही, हे मी आत्ताच स्पष्ट सांगतो, म्हणजे त्यावर आणखी एक शनिवार खर्ची पडणार नाही.

हिशेब जुळला असता तरी एक अडचण उरलीच असती. चौदा इंचांच्या जागेत चार इंच खाली लोंबणारा आडवा नळ म्हणजे भिंतच. त्याच्या पलीकडे पुढे कधी वायर किंवा डक्ट दुरुस्त करायला माणूस जाऊच शकणार नाही.

तुम्हाला माझा एकच प्रश्न आहे. घरातला मैला घराबाहेर कुठल्या भिंतीतून जातो आणि अंगणातून तो कुठे वळतो? रस्ता तुमच्या घराच्या कोणत्या दिशेला आहे? अंगणात क्लीनआउटचे, म्हणजे तुंबलेला नळ साफ करण्यासाठी ठेवलेल्या तोंडाचे, झाकण दिसते का?

पावसाळी_टेकडी (सिअ‍ॅटल):

व्हेंटबद्दल मी लिहितो, कारण नेमकी तीच चूक आमच्या घरात झाली होती. आमच्या कंत्राटदाराने कमोडचा कोरडा (म्हणजे ज्यातून फक्त हवा जाते असा) व्हेंट फरशीच्या खालून चार फूट आडवा नेला आणि इन्स्पेक्शनच्या आधीच वरून प्लायवूड ठोकून टाकला. पुढे वर्ष-दीड वर्षाने शॉवरमधून गडगड आवाज येऊ लागला, म्हणून तो नळ कापून पाहिला. अर्धा नळ काळ्या, शेणासारख्या गाळाने भरलेला होता. त्याचे कारण साधे आहे. मुख्य नळ एकदा जरी तुंबला तरी मैला आडव्या व्हेंटमध्ये चढतो आणि ज्या नळातून कधीच पाणी वाहत नाही तिथला गाळ धुऊन जायला वाटच नसते. म्हणूनच कोरडा व्हेंट ज्या उपकरणासाठी आहे, त्याच्या काठाच्या वर किमान सहा इंच सरळ उभा जाऊ द्यावा आणि त्यानंतरच त्याला आडवे वळण द्यावे, असा नियम आहे.

तुमच्या बाबतीत कमोडला वेगळा कोरडा व्हेंट देण्याची गरजच नाही. बेसिनचा सांडपाण्याचा नळ दोन इंची ठेवला, त्याचा व्हेंट बेसिनच्या भिंतीतून सरळ छपरावर नेला आणि त्याच नळाला आधी शॉवर व मग कमोड जोडला, तर बेसिनचा नळच दोघांचा व्हेंट होतो. याला वेट व्हेंट म्हणतात. आयपीसीच्या हिशेबात बेसिनचे एक आणि शॉवरचे दोन एकक (सांडपाण्याच्या भाराचे माप) होतात, तर दोन इंची वेट व्हेंटला चार एककांपर्यंत परवानगी आहे. म्हणजे तुम्ही मर्यादेत आहात. फक्त क्रम पाळावा: कमोड सर्वांत शेवटी, प्रवाहाच्या खालच्या टोकाला जोडावा. आमच्या वॉशिंग्टन राज्यात यूपीसी (युनिफॉर्म प्लंबिंग कोड, ही दुसरी नियमावली) चालतो आणि तिथे हा क्रम सक्तीचा आहे. तुमच्याकडे नियम थोडे सैल आहेत, पण कमोड शेवटी ठेवणे दोन्हीकडे बिनधोक ठरते.

हे दोन कोड एकमेकांत मिसळू नयेत, एवढे मात्र आवर्जून सांगतो. दीड इंची नळावर ट्रॅपपासून (उपकरणाखालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या वळणापासून) व्हेंटपर्यंतचे अंतर आयपीसीत सहा फूट चालते, यूपीसीत फक्त बेचाळीस इंच. इंटरनेटवरचा एखादा व्हिडिओ कॅलिफोर्नियातला असतो आणि पाहणारा कॅरोलिनातला, त्यातून निम्मे गोंधळ होतात.

मॅसरेटर पंपाबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. वीज गेली की तो कमोड निकामी होतो. तुमच्या भागात चक्रीवादळाच्या आणि बर्फाच्या वादळाच्या दिवसांत वीज जातेच, आणि नेमके त्याच दिवशी वयस्कर माणसांना बाथरूम बंद आहे असे सांगावे लागेल. छपरावरच्या व्हेंटऐवजी बेसिनच्या खाली बसवतात तो एअर अ‍ॅडमिटन्स व्हॉल्व्हही एकमजली घरात मी टाळीन. तुमच्याकडे तो कोडमध्ये बसतो, पण तो हवा फक्त आत घेतो, नळात दाब वाढला तर तो बाहेर सोडत नाही. छप्पर डोक्यावर असताना उभा नळ काढणे काही फार अवघड काम नाही.

नाहाणीचा_अभ्यासक (पुणे):

मी इकडे इमारतींच्या प्लंबिंगचे काम करतो, त्यामुळे अमेरिकेच्या कोडबद्दल बोलण्याचा अधिकार मला नाही. एक गोष्ट मात्र तुमच्या प्रश्नात वाचली आणि कुणी तिचा उल्लेख केला नाही, म्हणून लिहितो. आईवडील सहा महिने येतात, याचा अर्थ उरलेले सहा महिने ते बाथरूम कदाचित बंद राहणार. प्रत्येक ट्रॅपमध्ये दोन ते चार इंच पाणी असते आणि तेवढेच पाणी गटाराचा वास घरात येऊ देत नाही. वापर थांबला की ते उडून जाते. इकडे परदेशी गेलेल्या लोकांच्या बंद फ्लॅटमध्ये हा प्रकार आम्ही कायम पाहतो. कुलूप उघडल्यावर घरभर वास येतो, मालक नळ फुटला म्हणून आम्हाला बोलावतो आणि आम्ही नाहाणी ट्रॅपमध्ये एक तांब्या पाणी ओतून परत येतो. तेव्हा महिन्यातून एकदा शॉवर व बेसिन दोन मिनिटे चालवावे आणि कमोड एकदा फ्लश करावा.

दुसरे असे की आईवडिलांच्या सवयीसाठी जमिनीत जाळी, म्हणजे आपली नाहाणी, बसवण्याचा मोह होईल. इकडे बाथरूमचा स्लॅब खाली बुडवून त्यात ढाळ काढता येतो. लाकडी जॉइस्टवर तेवढी खोली मिळवण्यासाठी जॉइस्ट कापावे लागतील, आणि जाळीचा ट्रॅप तर सर्वांत आधी कोरडा पडेल. बादली आणि तांब्यासाठी शॉवरच्या आतच बसायला जागा ठेवावी. वडिलांच्या गुडघ्यांनाही तेच सोयीचे होईल.

अंगणातली_शेवंती:

तुम्हा सर्वांची मी खरोखर आभारी आहे. अटलांटाच्या सदस्यांच्या प्रश्नानंतर मी बाहेर जाऊन पाहिले आणि थोडी ओशाळले, कारण उत्तर माझ्या शेवंतीच्या वाफ्यातच होते. मुख्य नळ गर्डरजवळ पूर्वेच्या भिंतीतून बाहेर पडतो आणि उत्तरेला रस्त्याकडे वळतो. क्लीनआउटचे झाकण उत्तरेच्या अंगणात आहे, माझ्या नव्या बाथरूमच्या भिंतीपासून अकरा फुटांवर. झाकण उघडून काठी टाकली तेव्हा नळाचा तळ जमिनीखाली सुमारे तीस इंचांवर लागला. म्हणजे गर्डरच्या वाटेला न जाता थेट उत्तरेच्या भिंतीतून बाहेर पडता येईल का? कमोडची जागा भिंतीपासून जेमतेम पाच फुटांवर येते. तसे असेल तर क्रॉल स्पेसमध्ये काय करावे आणि बाहेर काय, हे कृपया सांगावे.

ढाळ_आणि_वळण (अटलांटा):

अगदी हाच मार्ग घ्यावा. तुमचे जॉइस्ट उत्तर-दक्षिण असल्यामुळे यात आणखी एक फायदा आहे, जो पहिल्या आराखड्यात नव्हता. नळ आता जॉइस्टना समांतर जाणार, म्हणजे तो त्यांच्या खाली न लोंबता दोन जॉइस्टच्या मधल्या साडेचौदा इंचांच्या गाळ्यातून जाऊ शकतो आणि खालचे चौदा इंच मोकळे राहतात.

मांडणी अशी करा. बेसिन भिंतीपासून सर्वांत लांब, मग शॉवर, आणि कमोड उत्तरेच्या भिंतीच्या जवळ. शक्यतो बेसिन व कमोड एकाच गाळ्यावर आणा. कमोडचा मध्य भिंतीपासून किंवा शेजारच्या कुठल्याही अडथळ्यापासून किमान पंधरा इंच हवा आणि पुढे एकवीस इंच मोकळे हवेत. या अटी पाळताना तो मध्य जॉइस्टच्या डोक्यावर येत नाही ना, हे फरशी कापण्याआधी वरून बारीक ड्रिलने भोक पाडून खात्री करून घ्या, नाहीतर जॉइस्ट तोडून आडवी चौकट घालण्याचा खर्च वाढतो. शॉवरचा ट्रॅप शेजारच्या गाळ्यात येईल आणि त्याचा दोन इंची नळ एका जॉइस्टमधून पार करावा लागेल. त्याचा बाहेरचा व्यास २.३७५ इंच असतो, तेव्हा अडीच इंचांचे भोक २x१० मध्ये नियमात बसते, फक्त ते जॉइस्टच्या उंचीच्या मधल्या भागात घ्या. ट्रॅपपासून वेट व्हेंटपर्यंत शॉवरला आठ फुटांची मुभा आहे, तुम्हाला तीन फूटसुद्धा लागणार नाहीत. ट्रॅपचे वळण गाळ्याखाली थोडे उतरले तरी हरकत नाही, पण त्यावर इन्सुलेशन घाला, कारण रॅलेतही जानेवारीत चार-दोन रात्री पाणी गोठते.

कमोडपासून भिंतीपर्यंत पाच फुटांत सव्वा इंच उतार होईल. भिंतीच्या आतल्या बाजूला नळ खाली वळवून ब्लॉकच्या भिंतीतून, पायाच्या पट्टीच्या वरून बाहेर काढा. भिंतीत नळापेक्षा दोन माप मोठी स्लीव्ह (नळाभोवतीची बाहेरची नळी) घाला, म्हणजे भिंत खचली तर भार नळावर येणार नाही. बाहेर पडल्यावर मी नळ चार इंची करीन. अकरा फुटांत पाव इंचाच्या ढाळाने पावणेतीन इंच लागतात आणि तुमच्याकडे त्याहून बरीच जास्त खोली आहे. ती सगळी खोली ढाळात वाटू नका. एका जागी उभा उतार द्या आणि बाकीचा नळ एकसारख्या ढाळाने न्या. भिंतीच्या बाहेर लगेच एक क्लीनआउट बसवा. चोवीस इंचांपेक्षा कमी उंचीच्या क्रॉल स्पेसमधला क्लीनआउट बाहेर किंवा फरशीवर आणून ठेवावा लागतो, ती अट यात आपोआप पूर्ण होते.

खणण्याआधी ८११ वर फोन करा. वायू, वीज आणि इंटरनेटच्या वाहिन्या कुठे आहेत हे ते फुकट आखून देतात. आणि जोड देण्याआधी अंगणातल्या जुन्या नळातून कॅमेरा फिरवून घ्या. १९७२ सालचे घर म्हणजे तो नळ कास्ट आयर्नचा असेल, भाजलेल्या मातीचा असेल, किंवा डांबरात भिजवलेल्या लाकडी लगद्याचा, ज्याला ऑरेंजबर्ग म्हणतात तोही असेल. ऑरेंजबर्ग वयाप्रमाणे चपटा होत जातो आणि त्याला नवा वाय (तिरक्या फाट्याचा जोड) जोडणे म्हणजे भिजलेल्या पुठ्ठ्याला खिळा ठोकणे. तसा निघाला तर रस्त्यापर्यंतचा तुकडा बदलण्याचा खर्च आत्ताच धरा.

पावसाळी_टेकडी (सिअ‍ॅटल):

खाली जाऊन काम करणाऱ्यासाठी थोडे लिहितो. जेवढे जोड वर, उजेडात, अंगणात बसून करता येतील तेवढे करा. बेसिनपासून कमोडपर्यंतचा सगळा सांगाडा आधी सिमेंट न लावता कोरडा जुळवून पाहा, प्रत्येक जोडावर पेन्सिलने आडवी रेघ मारा आणि मगच तुकड्या-तुकड्यांनी चिकटवा. पीव्हीसीच्या प्रायमर आणि सिमेंटची वाफ हवेपेक्षा जड असते, ती क्रॉल स्पेसच्या तळाशी साचते आणि पेट घेऊ शकते. मी एकदा दोन जोडांनंतर डोके गरगरून उलटा सरपटत बाहेर आलो होतो. पंख्याने बाहेरची हवा आत ढकला, सेंद्रिय वाफेसाठीचा मास्क घाला, गॅसचा बंब खाली असेल तर तो बंद ठेवा आणि दाराशी एक माणूस बसवा. त्याचे काम फक्त तुमच्याशी बोलत राहण्याचे.

आडवे नळ दर चार फुटांवर पट्टीने टांगा. आडव्यातून आडव्यात जोड देताना वाय आणि पंचेचाळीस अंशांचा एल्बो वापरा, सॅनिटरी टी (काटकोनी फाट्याचा जोड) पाठीवर झोपवू नका. काम झाल्यावर बाहेरचा नळ प्लगने बंद करून छपरावरच्या व्हेंटमधून पाणी भरा. किमान दहा फूट उंचीच्या पाण्याचा दाब पंधरा मिनिटे टिकला पाहिजे. इन्स्पेक्टर पाहून जाईपर्यंत फरशी आणि अंगणातला चर, दोन्ही उघडेच राहू द्या. आमच्याकडे प्लायवूड ठोकला गेला नसता, तर माझे पुढचे दीड वर्ष वाचले असते.

अंगणातली_शेवंती:

कॅमेऱ्यासाठी पुढच्या बुधवारची वेळ घेतली आहे. कमोडची जागा खडूने आखून बारीक भोक पाडून पाहिले, तर मध्य जॉइस्टपासून पाच इंच बाजूला आला. बेसिन मात्र नऊ इंच पश्चिमेला सरकवावे लागेल. शेवंतीची रोपे आजच कुंड्यांत हलवली.